गेनबाने हुंगलेलं पान

गेनबाने कपाशीचं एक पान देठाशी खुडलं, उलटं केलं आणि भागूबाईपुढे धरलं. पानाच्या खालच्या अंगाला मोहरी चिकटवल्यासारखा मावा बसला होता, काही हिरवट, काही काळा.

"बघा वैनी. वरनं पान कसं झ्याक दिसतंय, आन् खालनं ह्ये."

"म्हून हाताला चिकाट लागतंय व्हय?"

"त्येंची घाण हाय ती. मुंग्यांना ग्वाड लागती. झाडावर मुंग्या चढाय लागल्या की खाली मावा हाय म्हनून समजायचं."

भागूबाईने बोटं लुगड्याला पुसली. चाकणच्या बाजूला कांदा आणि बटाटा सोडून कपाशी लावणं म्हणजे हौसच. तिचा भाऊ खानदेशात कापसाच्या जिनात कामाला होता, त्याने सरकी पाठवली आणि निघोज्यात भागूबाईने अन् तिचं बघून आणखी आठ-दहा जणांनी ती लावली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा मालोजी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला होता आणि दर सुट्टीला येऊन एकच पालुपद लावत होता, की रान वाट्याने दे आणि माझ्या खोलीवर चल. यंदा कपाशी हाती लागली तर मी इथेच, नाही लागली तर येते, असं तिने त्याला सांगून टाकलं होतं. आता त्या कपाशीला मावा लागला होता.

बांधावर अर्जुनराव उभे होते. सरकारी गोदामाचे हे तरुण साहेब पुण्याला शेतकी शिकून आले होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता आणि पायाशी मुंबईहून आलेला तेलाचा डबा. हे तेल खायचं नव्हे, दिव्याचंही नव्हे, माव्यावर फवारायचं. पाण्यात मिसळून मारलं की किडीच्या अंगावर त्याचा थर बसतो आणि कीड गुदमरून मरते, असं अर्जुनरावांनी गेनबाला समजावलं होतं. गोदामाचा फवारणीवाला म्हणून गेनबाने रॉकेल आणि साबण कालवून हेच काम पंधरा वर्षं केलं होतं, पण ते त्याने सांगितलं नाही. साहेब नवे असले की त्यांना थोडं शिकवू द्यावं.

"गेनबा, ते गंधकाचं विचारलंत का?" अर्जुनराव बांधावरून म्हणाले. "कागदात स्पष्ट लिहिलंय. गंधक टाकलेल्या पिकावर महिनाभर हे तेल मारायचं नाही. पान जळतं."

"इचारतो की. वैनी, ह्या म्हैन्यात गंधक टाकलाय का रानात?"

"न्हाई बा."

"आठवून सांगा. दह्यासाठी लई जनांनी न्ह्येलाय."

कपाशीच्या पानावर दही शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके पडतात, त्या रोगाला दह्या म्हणतात. त्यावर गंधकाची भुकटी धुरळतात.

"त्येंनी न्ह्येला आसंल. माझ्याकडं टाकनार कोन? म्या तर चार दिस पिंपरीला हुते, मालोजीला ताप आल्ता म्हून."

"तरी खात्री करून घ्या," अर्जुनराव म्हणाले.

मग गेनबाने ते केलं, ज्यासाठी चाकणपासून आळंदीपर्यंत लोक त्याला ओळखत. त्याने रानाच्या मधोमध जाऊन दुसरं पान खुडलं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. पानावर काय मारलंय, किती दिवसांपूर्वी मारलंय, तंबाखूचं पाणी की रॉकेल की गंधक, हे गेनबा हुंगून सांगतो, अशी त्याची ख्याती होती. आणि ती खोटी नव्हती. एकदा एका बागाईतदाराने रागाने भांडून सांगितलं होतं, की मी काही मारलेलं नाही, आणि गेनबाने पान हुंगून त्याच्या सालगड्याकडे फक्त बघितलं होतं. गड्याने तिथंच कबूल केलं.

"कायबी न्हाई," गेनबा डोळे उघडून म्हणाला.

गेनबाला खरोखरच काही वास आला नव्हता. गेल्या तीन वर्षांत त्याला कशाचाच वास आला नव्हता.

एका थंडीत त्याला सर्दी झाली होती. महिनाभर ती राहिली आणि जाताना नाक घेऊन गेली. सुरुवातीला त्याला वाटलं, येईल परत. त्याने ओवा हुंगला, कांदा फोडून हुंगला, गोदामात जाऊन रॉकेलच्या पिंपात डोकं घातलं. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही आला. वैद्याकडे जावं तर वैद्य चाकणचाच, म्हणजे बाजारभर होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावून गेनबा गप्प राहिला. लोक पान पुढे करत, तो हुंगल्यासारखं करी आणि डोळ्यांनी जे दिसे त्यावरून सांगे. डोळे तल्लख होते. तीन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आणि न चुकणं ही फार वाईट गोष्ट असते. माणसाला वाटायला लागतं की असंच चालायचं.

त्या दिवशीही त्याने पानं नीट बघितली होती. पण मध्ये हस्ताची एक सर येऊन गेली होती. भुकटी धुऊन उरला होता तो नुसता अंश, डोळ्याला न दिसणारा.

ऊन कलल्यावर फवारणी झाली. तेल पाण्यात पडलं आणि ढवळताच दुधासारखं पांढरं झालं. भागूबाई म्हणाली, "आगं बाई, ताकच झालं की." गेनबाने पितळी पंप पाठीला लावला, डाव्या हाताने दांडा हलवत, उजव्या हातातली नळी झाडाच्या बुडाशी नेऊन खालून वर मारत तो सरीसरीने गेला. मावा पानाच्या खाली असतो, त्यामुळे खालूनच मारावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक झाडापाशी वाकावं लागतं. नवीन पोरं उभ्या उभ्या वरून मारतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. गेनबा प्रत्येक झाडापाशी वाकला. शनिवार होता, चाकणचा बाजार. गावातले गडी बाजाराला गेले होते, त्यामुळे बघायला कोणी नव्हतं.

सोमवारी भागूबाईचा निरोप आला की मावा मेला. अर्जुनरावांनी गेनबाला चहा पाजला.

गुरुवारी पुन्हा निरोप आला, की येऊन बघून जावं. बाकी काही नाही.

दोघं सायकलींवरून गेले. बांधावर आल्यावर अर्जुनराव सायकल आडवी टाकूनच रानात शिरले. पानांच्या कडा तांबूस होऊन वळल्या होत्या, मधे तपकिरी चट्टे पडले होते. सरीत पानं गळून पडली होती आणि त्यांत फुलं होती, लहान बोंडंही होती. गेनबाने एक बोंड उचललं. सुपारीएवढं होतं.

भागूबाई विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसली होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर गेनबाला सोपं गेलं असतं.

"तेल किती घातलंत?" अर्जुनरावांनी विचारलं.

"कागदापरमानं. तुमच्याम्होरंच मोजलं की सायेब."

"ऊनही नव्हतं. मग गंधकच." ते भागूबाईकडे वळले. "बाई, तुम्ही गंधक टाकला होता. आम्ही विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"म्या न्हाई टाकला."

"तुम्हाला वाटलं असेल, खरं सांगितलं तर फवारणी करणार नाहीत."

"न्हाई टाकला, सायेब." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या मालकाची आन घ्येऊन सांगते."

अर्जुनराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या पहिल्याच प्रयोगाचं रान जळलं होतं आणि वर अहवाल जायचा होता. त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहायला लागले. शेतमालकिणीने खरी माहिती दिली नाही, एवढं एक वाक्य पुरे होतं. तेल निर्दोष, गोदाम निर्दोष, गेनबा निर्दोष. भागूबाई तेवढी गावात खोटी ठरली असती आणि पुढच्या हंगामाला गोदामाच्या पायरीवर तिला कोणी उभं केलं नसतं.

शेजारच्या रानातला रंगराव आला होता. पन्नाशीचा गडी, भागूबाईच्या नवऱ्याचा जोडीदार. त्याने गेनबाला कोपराने खूण केली आणि बाभळीखाली नेलं.

"गेनबा, गंधक आमी टाकला."

"कुनी?"

"आमी आठ जनांनी. इर्जिक केली. ती पिंपरीला गेल्ती, तिच्या रानात दह्या वाढाय लागला हुता. आमचं टाकत हुतोच, मग दंव हाय तवर तिचंबी उरकू म्हनलं. फडक्याच्या पिशवीतनं धुरळला, तासाभरात झालं."

"आन् तिला सांगितलं न्हाई?"

रंगरावाने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर तिनं जेवान घातलं असतं. आठ गडी, पुरनपोळी. एकटी बाई, कुठनं करनार? म्हून ठरवलं, बोलायचंच न्हाई."

गावात इर्जिक म्हणजे असंच. एखाद्याचं काम अडलं की शेजारी आपापली अवजारं घेऊन येतात, काम उरकतात आणि मजुरी घेत नाहीत. ज्याचं काम त्याने जेवू घालायचं, एवढाच रिवाज. त्या जेवणातून तिला सोडवायला म्हणून आठ जणांनी तोंडं मिटून ठेवली होती. करायला गेले गणपती, झाला मारुती.

"तेलाचं आमाला काय म्हाईत," रंगराव म्हणाला. "आता तिला कळलं तर म्हनंल, आमीच रान जाळलं. गेनबा, तू काय बोलू नगंस. सायेब ल्हिनार ते ल्हितील. कागद कोन वाचतंय?"

गेनबाने रंगरावाकडे बघितलं. मग थारोळ्यावर बसलेल्या भागूबाईकडे. तिने पदर तोंडाला लावला होता, पण ती रडत नव्हती. ती वहीवर चालणाऱ्या पेन्सिलीकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. गेनबाला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, साधी, सरळ लाज, आणि तीन वर्षं ती कुठे होती असाही प्रश्न पडला.

तो सरीतून परत आला आणि अर्जुनरावांसमोर उभा राहिला.

"सायेब, ते खोडा."

"काय?"

"बाईनं खोटं सांगितलं न्हाई. गंधक रानात हुता, पर तिला ठावं न्हवतं. मला कळाय पायजे हुतं. म्या पान हुंगलं तवा."

"मग? तुम्ही तर काही नाही म्हणालात."

"मला वास येत न्हाई." गेनबाने हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. "तीन वर्सं झाली. कशाचाच येत न्हाई. फुलाचा न्हाई, शेनाचा न्हाई."

अर्जुनरावांची पेन्सिल थांबली. "मग हुंगता कशाला सगळ्यांसमोर?"

"लोक पान म्होरं करत्यात," गेनबा म्हणाला. "त्येंला नाक न्हाई कसं सांगायचं?"

कोणी हसलं नाही. रंगराव हळूहळू पुढे आला, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि गंधकाचं सगळं सांगून टाकलं. गेनबा बोलला नसता तर तो बोलला असता की नाही, कोण जाणे. पण एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला गप्प बसणं जड जातं.

भागूबाईने सगळं ऐकून घेतलं. ती उठून उभी राहिली.

"आठ जन आल्ता?"

"व्हय वैनी."

"आन् न जेवता ग्येलात?"

रंगराव हातातलं मुंडासं चाळवू लागला. "तुमी न्हवता घरी..."

"पिंपरीला ग्येल्ते, मेले न्हवते. चार दिसांनी आले की. माझ्या रानात इर्जिक झाली आन् माझ्या दारात पान पडलं न्हाई. मालक असतं तर तुमी आसंच उपाशी ग्येला असता?" तिचे डोळे आता भरून आले. "पान जळलं त्ये जळलं. पर तुमी मला भिकारीन केलीत, भावजी."

अर्जुनराव पुण्याचे. त्यांना हे काही उमगलं नाही. जळलेल्या रानात उभी राहून बाई जेवणाचं काय घेऊन बसलीय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तरी त्यांनी वहीतलं वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात गेनबाचं नाव होतं.

घरी आल्यावर गेनबाने बायकोला, शालनबाईला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"दूध उतू जाऊन समदं करपलं. तुमी चुलीकडं पाठ करून बिडी वडीत हुता. शेजारीन धावत आली वासानं, तुमी बसल्यालं हालला न्हाई. तवापासनं."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी न्हाई बोललात, म्हून म्याबी न्हाई." तिने भाकरी तव्यात टाकली. "पर जळलं रान त्या बाईचं, ह्ये वंगाळ झालं."

गेनबाने मान हलवली. त्या एका वाक्यावर दोघांचं एकमत होतं, आणि आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

चार दिवसांनी वरून कागद आला. गेनबाला फवारणीवरून काढून गोदामाच्या दारावर बसवलं. नोकरी राहिली. अर्जुनरावांनी त्यासाठी शब्द टाकला होता, असं नंतर कळलं. गेनबाने पंप शेवटचा धुतला, आधी सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, नळीचं तोंड काढून सुईने साफ केलं, चामड्याच्या वायसरला तेल दिलं आणि नवीन माणसाच्या स्वाधीन केला. नवीन माणूस खेडचा होता, धट्टाकट्टा. गेनबा त्याला म्हणाला, "वाकून मारा. वरनं मारलं तर कायबी उपेग न्हाई." तो माणूस "व्हय" म्हणाला आणि पंप पाठीला लावून गेला. गेनबा दारातल्या स्टुलावर बसला. पाठ मोकळी होती. सवय नसल्यामुळे ती भिंतीला कशी टेकवावी ते त्याला कळेना.

भागूबाईची कपाशी पुरती गेली नाही. जुनी पानं झडली आणि शेंड्याला नवी फुटली, माव्याशिवाय. पीक निम्म्यावर आलं. निम्मं म्हणजे हाती लागलं की नाही, यावर मालोजीने दोन सुट्ट्या वाद घातला आणि तिसऱ्या सुट्टीला गप्प बसला. त्याला गप्प बसावं लागलं, कारण त्याच दिवशी आईने इर्जिकीचं जेवण घातलं होतं आणि पाणी भरायला त्यालाच जुंपलं होतं.

बोलावणं गेनबालाही आलं. तो जायला तयार नव्हता.

"म्या कुठं इर्जिकीत हुतो? म्या तर रान जाळलं."

"तिनं बोलावलंय," शालनबाई म्हणाली. "जळलं त्ये तिचं. तिनं बोलावलं म्हंजी जायाचं."

ओसरीवर दोन पंगती बसल्या. रंगराव आणि बाकीचे सात जण एका बाजूला होते. आठही जणांनी धुतलेली धोतरं नेसली होती आणि ते लग्नात बसावे तसे सावरून बसले होते. अर्जुनराव मधोमध, मांडी घालताना पँटीने अडलेले. गेनबाने शेवटची पत्रावळ धरली. भागूबाई स्वतः वाढत होती, दुसऱ्या कोणाला तिने हात लावू दिला नव्हता. सगळ्यांच्या पानांत पोळी पडली, वर तूप पडलं. "वदनी कवळ" झालं.

"वैनी, वास काय सुटलाय," रंगराव म्हणाला. "वेशीपासनं येत हुता."

"व्हय तर," दुसरा म्हणाला, आणि मग दोघंही गप्प झाले. सगळी पंगतच गप्प झाली. कोणी गेनबाकडे बघितलं नाही, आणि कोणी बघत नाही हे गेनबाला कळलं. तो पत्रावळीकडे बघत राहिला. इतकी वर्षं अशा वेळी तो सगळ्यांच्या आधी मान डोलवून "झकास" म्हणायचा. आज त्याने मान हलवली नाही.

भागूबाई वाढत वाढत त्याच्या पानाशी आली. पोळी वाढली, पळीने तूप सोडलं. पण पुढे गेली नाही. खाली वाकलेलीच राहिली आणि मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"जायफळ घातलंय. वेलदोडा न्हाई, नुसतं जायफळ. आन् तूप काल संध्याकाळीच कढवलंय, ताजं हाय."

"बरं," गेनबा म्हणाला.

"एक पोळी जरा करपली हुती, ती काढून ठ्येवली. तुमच्या पानात चांगली हाय."

मग ती कमरेला हात लावून सरळ झाली आणि कटाची आमटी आणायला आत गेली. पंगतीत पुन्हा बोलणं सुरू झालं. गेनबाने पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि जायफळाचा म्हणून खाल्ला.